राऊटरमधलं कार्ड पुन्हा पुन्हा का जातं? बदलण्याआधी आणि बदलताना काय बघायचं

राऊटरच्या स्लॉटमध्ये (खाचेत) बसणारं, केबल लावायचे पोर्ट असलेलं कार्ड बदललं, लिंक आली, बिल झालं. महिना-दीड महिन्यात पुन्हा फोन: "सर, परत नेट गेलं. त्याच जागी लाल लाईट." दुसरं कार्ड येतं, तेही जातं. तोवर मालकाची खात्री झालेली असते की पुण्याहून येणारा मालच भंगार आहे.

सोलापुरात हे प्रकरण जरा जास्तच दिसतं, आणि त्याला कारणं आहेत. इथले बरेचसे राऊटर डेटा सेंटरमध्ये नसतात. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात अकाउंट्सच्या टेबलामागे, पतसंस्थेच्या शाखेत जिन्याखाली, दवाखान्यात औषधांच्या खोक्यांशेजारी, अशा ठिकाणी ते बसवलेले असतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, मागावरून उडालेली रुई हवेत तरंगत असते आणि अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी तपासला हे कोणालाच आठवत नाही.

माझा नियम साधा आहे. एखादं कार्ड एकदा जाऊ शकतं. त्याच स्लॉटमध्ये दुसरं गेलं, तर तिसरं मागवायचं नाही. आधी त्यांना मारतंय कोण ते शोधायचं.

कधी जातं, ते आधी बघा

सर्वात उपयोगी माहिती लॉगमध्ये असते, पण घड्याळ बरोबर असेल तरच. जुन्या सिस्को राऊटरला वेळ दिलेली नसेल तर तो चालू झाला की १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. असा लॉग वाचून कार्ड दुपारी गेलं की रात्री, हे कळणार कसं? म्हणून पहिलं काम एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) लावणं आणि लॉग दुसऱ्या एखाद्या मशीनवर पाठवणं. राऊटर बंद पडला की त्याच्या पोटातला लॉगही बहुतेक वेळा जातो.

वेळ कळली की निम्मं निदान झालं. एप्रिल-मेमध्ये, वळवाचं आभाळ येऊन गेलं आणि त्यानंतर पोर्ट मेले, तर शंका विजेच्या लाटेवर. दुपारी तीनच्या सुमारास लिंक पडते आणि संध्याकाळी आपोआप उठते, तर उष्णता किंवा अडलेला पंखा. कुठलंही कार्ड घाला, एका ठरावीक स्लॉटमध्येच जातं आणि शेजारच्या स्लॉटमध्ये तेच कार्ड मजेत चालतं, तर दोष स्लॉटच्या पिनांत. कार्ड जिवंत आहे पण एरर वाढतायत, तर बहुतेक वेळा एसएफपी (पोर्टात बसणारं, केबल लावायचं छोटं मॉड्यूल) किंवा फायबरचं टोक. आणि कशाचाच मेळ लागत नसेल, कार्ड काही आठवडे चालून कारण नसताना जात असेल, तर ते हाताळलं कसं गेलं ते विचारा.

वळीव, काळी माती आणि दोन शेड

यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथल्या कारखान्यांत सर्वात जास्त पैसे याच कारणाने जातात.

एका टॉवेल कारखान्यात दरवर्षी मान्सूनच्या तोंडावर राऊटरच्या इथरनेट कार्डाचे एक-दोन पोर्ट जायचे. यूपीएस चांगला, पॉवर सप्लाय शाबूत, बाकी काही जळत नाही. कार्ड काढून बघितलं तर वरून काही दिसत नाही. ऑफिस आणि विणकामाची शेड या दोन वेगळ्या इमारती, मध्ये उघडं अंगण, आणि त्या अंगणावरून भिंतीच्या कडेने साधी तांब्याची कॅट-६ केबल गेलेली. ऑफिसचं अर्थिंग वेगळं, शेडचं वेगळं.

वायरमन अण्णा ठाम होते: "अर्थिंग एकदम कडक आहे साहेब, परवाच पाणी घातलंय." त्यांच्या खड्ड्यात काही खोट नव्हती. पण दोन्ही खड्डे एकमेकांना जोडलेलेच नव्हते. साध्या दिवशी मल्टिमीटर लावला तरी ऑफिसच्या अर्थपट्टीत आणि शेडच्या अर्थपट्टीत काही व्होल्ट दिसत होते. जवळपास वीज पडली की जमिनीतून मोठा प्रवाह धावतो आणि क्षणभर या दोन जागांमधला फरक हजारो व्होल्टवर जातो. त्या क्षणी दोन इमारतींना जोडणारी तांब्याची वाट एकच, ती म्हणजे तुमची नेटवर्क केबल. इथरनेट पोर्टातला ट्रान्सफॉर्मर साधारण १५०० व्होल्टपर्यंत अलगपणा राखेल अशा हिशोबाने बनवलेला असतो. त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. शिल्डवाली केबल दोन्ही टोकांना अर्थ केलेली असेल तर काम आणखीच सोपं होतं, म्हणजे विजेचं.

यात काळ्या मातीचाही हात आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडपासून सुटते. वळीव नेमका तेव्हाच येतो, म्हणजे विजा सर्वात जास्त आणि अर्थिंग सर्वात वाईट, एकाच महिन्यात. फेब्रुवारीत मोजलेला रोध मे महिन्यात राहत नाही. मोजायचं असेल तर एप्रिलच्या शेवटी मोजा, खड्ड्यात पाणी घालण्याआधी. घातल्यावर मोजलं तर आकडा छानच येणार.

उपाय दोन. दोन इमारतींमधली अर्थिंग जाड पट्टीने एकत्र बांधायची, हे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं काम. आणि इमारतीबाहेर जाणारी तांब्याची केबल काढून फायबर टाकायचं, हे आपलं काम. त्या कारखान्यात फायबर टाकल्यावर कार्डं जायची थांबली. एक सूचना: आर्मर्ड फायबरला पोलादी कवच असतं. ते दोन्ही रॅकला चिकटवून ठेवलंत तर तांबं काढून काहीच साधलं नाही. कवच आत येण्याआधी मागे कापून घ्या.

गच्चीवरच्या वायरलेस रेडिओची पीओई केबल (डेटाबरोबर वीजही नेणारी) थेट राऊटरच्या कार्डात आणणारेही भेटतात. ती मध्ये सर्ज प्रोटेक्टर आणि एखादा स्वस्त स्विच घेऊन आणा. जायचंच असेल तर दीड-दोन हजारांचा स्विच जाऊ दे.

चालू मशीनमधून काय काढता येतं?

इथे गैरसमज भरपूर. "हॉट स्वॅप (चालू मशीनमध्ये बदलता येणारं) आहे की" असं म्हणून सरसकट सगळं चालू मशीनमधून ओढलं जातं. प्रत्यक्षात एकाच राऊटरमधले काही भाग चालू असताना निघतात आणि काही अजिबात नाही.

एसएफपी चालू असताना काढता येतो. दोन पॉवर सप्लाय असतील आणि ते बाहेरून सरकणारे असतील, तर एकेक करून काढता येतो. सिस्कोच्या १९०० आणि २९०० मालिकेतली ईएचविक नावाची लहान कार्डं मात्र वीज पूर्ण बंद करूनच काढायची. ती अजून आपल्याकडे शाखाशाखांत चालू आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. ४००० मालिकेत मॉडेल आणि मॉड्यूल दोन्ही चालू काढणीला मान्य असतील तर आधी 'एचडब्ल्यू-मॉड्यूल सबस्लॉट' कमांडने ते कार्ड 'स्टॉप' करायचं, दिवा विझल्याची खात्री करायची, मग हात लावायचा. जुनिपरच्या एमएक्समध्ये 'रिक्वेस्ट चॅसिस एफपीसी स्लॉट' अमुक 'ऑफलाइन' ही कमांड द्या, किंवा त्या कार्डाचं ऑनलाइन-ऑफलाइन बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरा. मायक्रोटिकच्या सीसीआर राऊटरमध्ये चालू असताना बदलण्यासारखं म्हणजे मुख्यतः एसएफपी आणि काही मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय.

तुमच्या मॉडेलचं हार्डवेअर मॅन्युअल उघडून त्या मॉड्यूलच्या नावासमोर काय लिहिलंय ते वाचा. पाच मिनिटं लागतात. शंका असेल तर रात्री दहानंतरची वेळ मागून घ्या आणि बंद करून बदला. पतसंस्थेचे मॅनेजर कुरकुर करतील, करू दे.

पिना

वाकडी पिन हा सर्वात फसवा दोष. कोणीतरी आधी कार्ड तिरकं घातलेलं असतं, आतल्या कनेक्टरची एक पिन वाकलेली असते, आणि त्यानंतर त्या स्लॉटमध्ये घातलेलं प्रत्येक नवीन कार्ड एकतर ओळखलं जात नाही किंवा शॉर्ट होऊन मरतं. नवीन कार्डाचा सॉकेटही त्यात बिघडतो. मग तेच कार्ड "चेक करू" म्हणून चांगल्या स्लॉटमध्ये घातलं की तिथलीही पिन वाकते. असा हा संसर्ग.

म्हणून जुनं कार्ड काढल्यावर नवीन लगेच सारायचं नाही. टॉर्च घ्या, स्लॉटमध्ये सरळ आत बघा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढला तर डोळ्यांपेक्षा बरं दिसतं. पिनांच्या रांगा एका रेषेत असतात, एखादी झुकलेली असेल तर तिची चमक वेगळी पडते. तिथे रुई अडकलेली असेल तर तीही दिसेल. वाकडी पिन चिमट्याने सरळ करायचा मोह होतो. करू नका. तुटली तर चॅसिसच, म्हणजे राऊटरचा मूळ सांगाडाच गेला. स्लॉटवर टेप लावून 'वापरू नये' लिहा आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा.

कार्ड घालताना ते दोन्ही बाजूंच्या खाचेत बसलंय का ते बघूनच सरकवायचं. शेवटच्या सेंटीमीटरला जो जोर लागतो तो कडेच्या खटक्यांनी, म्हणजे लिव्हरने द्यायचा. अंगठ्याने पुढच्या पट्टीवर दाबून नाही. लिव्हर नसलेल्या लहान कार्डात दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की कार्ड तिरकं बसतं. अर्धवट बसलेलं कार्ड सर्वात वाईट, कारण ते चालतं. मग शेजारी माग सुरू झाले, रॅक थरथरला, की लिंक जाते. आणि काढून लगेच परत घालू नका. राऊटरला कार्ड गेल्याचं कळू द्या, लॉगमध्ये ओळ येऊ द्या, मग घाला.

हाताची वीज

आपल्याकडे अंगावरची स्थिर वीज उतरवणारा मनगटाचा पट्टा लावला की लोक हसतात. पण हिशोब बघा. अंगाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. कार्डावरच्या काही चिप १०० व्होल्टच्या आतच दुखावतात. म्हणजे तुम्हाला काहीही न कळता चिप जखमी होऊ शकते. व्हायनलच्या फरशीवर चालताना कोरड्या हवेत, १० ते २० टक्के आर्द्रतेला, अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत चढू शकतात; दमट हवेत तोच आकडा २५० च्या आसपास राहतो. मुंबईच्या इंजिनिअरला पट्ट्याशिवाय वर्षानुवर्षं काही झालं नाही, यात त्याच्या कौशल्यापेक्षा तिथल्या घामाचा वाटा मोठा. आपल्याकडची एप्रिलची दुपार कोरडीठाक असते.

आणि जखमी चिप त्याच दिवशी मरेल असं नाही. आठवडे चालते, मग जाते. 'कार्ड बदलल्यावर महिन्याने गेलं' या तक्रारीतली बरीच प्रकरणं अशीच असतात, फक्त ती सिद्ध करता येत नाहीत.

पट्टा कातडीला लागला पाहिजे, शर्टाच्या बाहीवर नाही. दुसरं टोक राऊटरच्या ईएसडी खाचेला (पट्टा जोडायच्या जागेला) किंवा रंग नसलेल्या धातूला. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी त्या वाटेने पाव मिलिअँपिअरही वाहत नाही. पट्ट्याऐवजी साधी वायर मनगटाला गुंडाळणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. पट्टा मल्टिमीटरने मोजा: १ ते १० मेगाओहममध्ये असेल तर ठीक, नाहीतर फेकून द्या.

आता एक बारीक गोष्ट. कार्ड बंद मशीनमध्ये बदलायचं म्हणून पॉवर कॉर्ड काढली की राऊटरचं अर्थिंगही त्याच कॉर्डबरोबर निघून जातं. मग पट्टा राऊटरला जोडून उपयोग किती? यासाठी ग्राउंड लग (अर्थची वायर जोडायचं टोक) दिलेला असतो आणि मागे त्याची दोन स्क्रूंची जागा. दहातल्या आठ ठिकाणी तो रिकामा असतो, लग अजून खोक्यातल्या पिशवीत पडलेला. तो काढा, रॅकच्या अर्थपट्टीला जोडा.

कार्ड ज्या चंदेरी पिशवीत येतं, ती फक्त आतून राखण करते. कार्ड बाहेर काढून त्याच पिशवीवर ठेवायचं, हे नेहमी दिसतं. त्याने काही साधत नाही. आणि आभाळ कडाडत असेल तर हे कामच करू नका.

रुई आणि ऊन

बऱ्याच राऊटरची कामाची मर्यादा ४० अंशांची असते. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात ती आपण बाहेरच्या हवेनेच ओलांडतो, रॅकच्या आतलं तापमान तर वेगळंच. त्यात पंख्याच्या जाळीवर रुईचा थर. चादर कारखान्यातल्या जाळीवरून तो थर अक्षरशः घडी करून उचलता येतो.

साफ करताना ब्लोअर राऊटर बंद करून, बाहेर नेऊन मारा. पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या जोराने पंखा गरगर फिरून त्याचे बेअरिंग जातात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या प्लास्टिक नळीवर स्थिर वीज जमते. पंख्याचा ट्रे चालू मशीनमध्ये बदलायचा असेल तर नवा ट्रे खोक्यातून काढून हातात असल्याशिवाय जुना ओढायचा नाही. मोठा राऊटर पंख्याविना काही मिनिटांतच तापून स्वतःला बंद करून घेतो.

रिकाम्या स्लॉटची झाकणपट्टी फेकून देऊ नका. ती शोभेची नाही. उघड्या स्लॉटमधून हवा पळते आणि शेजारचं कार्ड तापतं. १० गिगाचे तांब्याचे, आरजे४५ वाले एसएफपी प्लस शेजारी-शेजारी लावले असतील तर त्यातला एक तरी दुपारी पडणारच. मध्ये एक पोर्ट मोकळा सोडा.

पॉवर सप्लायबद्दल एवढंच: दोन सप्लाय एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून 'रिडंडंट' (एक गेला तरी दुसरा तयार) म्हणू नये. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा, माग चालू असताना. २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरिंग. न्यूट्रल सैल असेल तर २३० चे ४०० च्या दिशेने जायला वेळ लागत नाही.

कार्ड चांगलं, पण चालत नाही

बदललेलं कार्ड 'मेलेलं आलं' म्हणून परत पाठवण्याआधी हे बघा. सिस्को राऊटरवर नवीन इंटरफेस मुळात बंदच असतो. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसलं तर 'नो शटडाउन' द्या, झालं. 'शो इन्व्हेंटरी'मध्ये कार्डच दिसत नसेल तर त्या कार्डाला लागणारी सॉफ्टवेअरची किमान आवृत्ती तपासा.

स्लॉट बदलला की इंटरफेसचं नाव बदलतं. गिगाबिट ०/१/० चा ०/२/० झाला, पण नॅट, ॲक्सेस लिस्ट, रूटिंग अशा सेटिंग सगळ्या जुन्या नावावर टांगलेल्या राहतात. दिवा हिरवा, पण पिंग नाही.

सर्वात महागाचा सापळा वेगळाच. राऊटर बंद करून खराब कार्ड काढलं, नवीन यायला दोन दिवस आहेत, म्हणून तसाच चालू केला. चालू होताना त्या कार्डाच्या इंटरफेसच्या ओळी राऊटरला ओळखता येत नाहीत, तो त्या सोडून देतो. इतपत ठीक, मूळ फाइल शाबूत असते. पण तेवढ्यात कोणीतरी सवयीने 'राइट' (चालू सेटिंग कायम साठवणारी कमांड) मारतो, आणि त्या ओळी कायमच्या पुसल्या जातात. म्हणून कशालाही हात लावण्याआधी कॉन्फिगरेशन राऊटरबाहेर, लॅपटॉपवर घ्या. आणि नवीन कार्ड दिसेपर्यंत 'राइट' नाही म्हणजे नाही.

एसएफपी

फायबरच्या टोकात डोळा घालू नका. १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं नाही. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा असतो, कापसाचा तंतू त्याहून जाड. एक तंतू बसला की लिंक अर्धमेली. प्रत्येक वेळी काढलं की क्लिनर मारा, शर्टाला पुसू नका. रबरी टोप्या खिशात नकोत, खिशात सर्वात जास्त रुई.

मॉड्यूल बदलण्याआधी आणि नंतर येणारा प्रकाश डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीच्या एककात) वाचून लिहून ठेवा. १० किलोमीटरच्या एलएक्स मॉड्यूलला साधारण उणे ३ ते उणे १९ मध्ये हवा. उणे १८ वर चालणारी लिंक 'चालू आहे' असं म्हणू नका, ती उन्हात पडेल. उलट, ८० किलोमीटरचा झेडएक्स मॉड्यूल अंगणापलीकडच्या शेडसाठी लावला तर प्रकाश इतका जास्त होतो की समोरचा डिटेक्टर आंधळा होतो, प्रसंगी खराबही होतो. तिथे ॲटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) घाला किंवा सरळ एलएक्स लावा. हिरवं कनेक्टर निळ्यात घालू नका, टोकाचा कोन वेगळा असतो. बायडी (एकाच तंतूवर दोन्ही दिशांनी चालणाऱ्या) जोडीत दोन्हीकडे एकाच तरंगलांबीचा मॉड्यूल लावला तर लिंक कधीच येणार नाही, आणि स्टोअरमधून घाईत उचलताना नेमकं हेच होतं.

बदलल्यानंतर इंटरफेसचे काउंटर शून्य करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात, माग चालू असताना, सीआरसी एरर (बिघडून पोहोचलेल्या डेटाची मोजणी) पुन्हा बघा. काढलेल्या कार्डावर तारीख, स्लॉट आणि लक्षण लिहून चिकटवा, स्टिकर सर्किटच्या बाजूला नाही, पुढच्या पट्टीवर. अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि कार्ड चंदेरी पिशवीत घालून मगच वॉरंटीला पाठवा. वर्तमानपत्रात गुंडाळून आलेलं कार्ड सेवा केंद्र 'हाताळणीतला दोष' म्हणून परत करतं, आणि त्यावर वाद घालायला आपल्याकडे मुद्दा नसतो.